गाडी कुणाची वाजतेय?

मध्यरात्र उलटून गेली आहे, सगळी वस्ती झोपेत आहे आणि अशा वेळी खाली उभी असलेली एखादी मोटार एकाएकी आकांत मांडते. शहरात राहणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. दोन-चार खिडक्यांत दिवे लागतात. कोणीतरी गॅलरीत येतो आणि विचारतो, ''अहो, गाडी कुणाची वाजतेय?'' मला या प्रश्नाची गंमत वाटते. चोर आला की अलार्म वाजावा, यासाठी ते यंत्र बसवलेले असते. पण ''चोर कुठे आहे?'' असे कोणीच विचारत नाही. गाडीच्या मालकालासुद्धा तो प्रश्न पडत नाही. तो डोळे चोळत चावीचे बटण दाबतो, गाडी गप्प होते आणि आपण सगळे पुन्हा कुशीवर वळतो.

धोक्याची सूचना देणारा आवाज ऐकून धोक्याचा विचारही मनात येऊ नये, या अवस्थेला आपण कसे पोचलो? त्याला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज त्याच इतिहासाविषयी थोडे बोलायचे आहे.

सुरुवात शब्दापासून करू. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार असल्याने ती माझी सवय आहे. 'अलार्म' हा इंग्रजीतला शब्द मूळचा इटालियन, 'आल आर्मे' म्हणजे 'शस्त्रे उचला!' पहारेकऱ्याने मारलेली ती आरोळी होती. आपल्याकडे त्या जागी आले ते 'खबरदार' आणि 'होशियार'. दोन्ही फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले, की आता ते परके वाटत नाहीत. खबरदार म्हणजे ज्याच्यापाशी खबर आहे तो. होशियार म्हणजे जो शुद्धीवर आहे तो. त्याचाच आपण 'हुशार' केला. रात्रीची 'गस्त' हाही फारसीच शब्द, म्हणजे फिरणे. घड्याळाच्या अलार्मला मात्र मराठीने 'गजर' म्हटले. वारीत नामाचा होतो तोच गजर. जागे करण्याच्या आवाजाला आपल्या भाषेने किती मायेचा शब्द दिला आहे, पाहा.

या सगळ्या शब्दांत एक माणूस उभा आहे. खबर त्याला असते, शुद्धीवर तो असतो, फिरतो तोच. माझ्या लहानपणी रमजानच्या महिन्यात सहरीसाठी उठवायला आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारा फिरायचा. प्रत्येक दारापुढे थांबून तो घरातल्या कर्त्या माणसाचे नाव घेऊन हाक मारायचा. एखाद्या घरात बाळंतीण असली किंवा कोणी आजारी असले, की तिथे त्याचा आवाज आपोआप खाली यायचा आणि काठी हळूच आपटली जायची. कोणाला किती आवाजात उठवायचे, हे त्याला कळत होते.

जुन्या काळी प्राणीसुद्धा हे काम करत. इसवी सनापूर्वी ३९० च्या सुमारास गॉल लोकांनी रोमवर हल्ला केला, तेव्हा कॅपिटोल टेकडीवर रात्री चढून येणाऱ्या शत्रूची चाहूल कुत्र्यांना लागली नाही, पण जूनो देवीच्या हंसिणींनी कलकलाट केला, अशी कथा रोमचा इतिहासकार लिव्ही सांगतो. त्या आवाजाने मार्कस मॅनलिअस जागा झाला आणि त्याने तटाकडे धाव घेतली. हंसिणी एरवीही कलकलाट करतच असणार. टेकडी वाचली ती, आवाज ऐकून एक माणूस उठला आणि त्याने जाऊन पाहिले म्हणून. आपल्याकडे १६७० मध्ये सिंहगड सर झाल्यावर गडावरच्या पागेची गवताची छपरे पेटवली आणि तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला, असे बखरीत आहे. ही इशारत होती. ती कोण देणार आणि कोण पाहणार, हे दोन्हीकडच्या माणसांना माहीत होते.

हा मधला माणूस वगळला गेला तो १८५३ मध्ये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टस रसेल पोप या गृहस्थाने त्या वर्षी जून महिन्यात विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. कल्पना अगदी सोपी. दारे-खिडक्या तारेने बॅटरीला आणि घंटेला जोडायच्या. दार उघडले की वर्तुळ पुरे होते, वीज वाहते आणि घंटा वाजते. पुढे १८५७ मध्ये एडविन होम्स याने ते हक्क विकत घेतले आणि बॉस्टन व न्यूयॉर्क या शहरांत त्याचा मोठा धंदा उभा केला. झोप न लागणारा, लाच न खाणारा पहारेकरी लोकांना मिळाला. मात्र या पहारेकऱ्याला एवढेच कळत होते, की दार उघडले आहे. ते चोराने उघडले, वाऱ्याने उघडले की उशिरा घरी आलेल्या मुलाने, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आजही तो मार्ग फारसा सापडलेला नाही.

मोटारी आल्या तेव्हा सुरुवातीला बहुतेकांना धड कुलूपही नव्हते. साहजिकच त्या चोरीला जाऊ लागल्या, इतक्या की १९१९ मध्ये अमेरिकेला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चोरीची मोटार नेण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १९७० पासून तिथल्या नव्या गाड्यांना चावी काढल्यावर यंत्रणा जखडून ठेवणारे कुलूप सक्तीचे झाले. तरी चोऱ्या वाढतच राहिल्या. १९९१ या एका वर्षात त्या देशात सुमारे १६ लाख ६० हजार वाहने चोरीला गेली. मोटारींच्या अलार्मचा बाजार फोफावला तो याच काळात. 'व्हायपर' नावाचा एक अलार्म तर चक्क बोलायचा, ''गाडीपासून दूर व्हा!'' तो आवाज त्या कंपनीचे मालक डॅरेल इसा यांचा होता. पुढे ते अमेरिकी संसदेत निवडून गेले. हुकूम देणाऱ्या आवाजाला राजकारणात मागणी असतेच.

आता हे यंत्र विनाकारण का वाजते, ते पाहू. विनाकारण हा शब्द खरे तर आपला. यंत्राला कारण दिसलेले असते, फक्त ते चोर नसते.

गाडीच्या दारांना आणि बॉनेटला छोटे खटके असतात. ते उघडझाप ओळखतात. गाडीला धक्का बसला तर ओळखणारा एक सेन्सर असतो. त्यात पुष्कळदा एक स्फटिक बसवलेला असतो. त्याच्यावर दाब आला, की तो किंचित वीज निर्माण करतो. स्फटिकांचा हा गुण पिएर क्युरी आणि त्यांचे बंधू जॅक यांनी १८८० मध्ये शोधून काढला. काही गाड्यांच्या आत आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडणारा सेन्सर असतो. आतली हवा हलली की त्याला कळते. गाडी कलंडली की ओळखणारा आणखी एक. जुन्या काही अलार्ममध्ये तर फक्त बॅटरीच्या व्होल्टेजवर नजर असे. दार उघडले, की आतला दिवा लागतो, त्याने व्होल्टेज जरा खाली येते, तेवढ्यावरून तो चोर ओळखायचा.

म्हणजे या पहारेकऱ्याला पाच ज्ञानेंद्रिये आहेत आणि प्रत्येकाची फसगत ठरलेली आहे. रस्त्यावरून लादलेला ट्रक गेला, दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल घुमला, की धक्क्याचा सेन्सर जागा होतो. काच बोटभर खाली राहिली आणि आत माशी भिरभिरली किंवा आरशाला टांगलेले शोभेचे काही हलले, की ध्वनिलहरींचा सेन्सर जागा होतो. इंजिन बंद केल्यावर गार करणारा पंखा आपोआप फिरू लागला, की व्होल्टेजवाला चमकतो. मांजर टपावर उडी मारते, उंदीर वायर कुरतडतात. बॅटरी म्हातारी झाली, की तीही भलत्या वेळी घोटाळा करते.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एक गाडी अशीच छळू लागली होती. गाडीच्या मालकांनी बॅटरी बदलली, तरी तेच. भांडणापर्यंत वेळ आली. कोणी म्हणाले, मुद्दाम कोणी दगड मारतो. कोणी संशयाने मुलांची नावे घेऊ लागले. आमचे रात्रपाळीचे वॉचमन मराठवाड्यातले, सगळे त्यांना मामा म्हणतात. फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायची वही त्यांच्यापाशी असते. त्या वहीच्या मागच्या पानांवर मामांनी एक उद्योग करून ठेवला होता. गाडी कधी ओरडली, किती वाजता, त्या वेळी बाहेर काय चालले होते, हे सगळे त्यांनी लिहिले होते.

''सर, ती रोज न्हाई ओरडत,'' मामा मला म्हणाले. ''पाऊस पडून गेला का मगच ओरडती. परवा समोरून क्रेन गेली, धरणी हादरली, तवा गप होती.''

ती पाने आम्ही मेकॅनिकपुढे ठेवली. तो वाचून हसला. क्रेनने वाजली नाही म्हणजे धक्क्याचा सेन्सर सोडून द्या, म्हणाला. तरी खात्रीसाठी त्याने त्या सेन्सरची वायर एक रात्र काढून ठेवली. पाऊस झाला आणि गाडी ओरडली. दुसऱ्या पावसाला त्याने बॉनेटच्या खटक्याची वायर काढली आणि गाडी मुकाट्याने उभी राहिली. तो खटका बाहेर काढून त्याने दाखवला. करंगळीच्या पेराएवढी वस्तू, पण गंजून हिरवी-तांबडी झालेली. पावसाचे पाणी आत गेले, की वीज भलत्या वाटेने वाहायची आणि अलार्मला वाटायचे, बॉनेट उघडले. नवा खटका फार तर एका जेवणाच्या किमतीचा. त्यासाठी तीन घरांचे बोलणे बंद झाले होते.

मला त्यात मामांची वही महत्त्वाची वाटते. घटना आणि आवाज यांच्यामधून वगळलेला माणूस तिथे परत आला, आणि प्रश्न सुटला. एक-एक शक्यता वगळत जाणे ही मेकॅनिकची रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. पण वगळायला आधी नोंद लागते, आणि नोंद ठेवायला कोणीतरी जागे असावे लागते.

एवढा गोंधळ सोसून या अलार्मचा उपयोग तरी किती झाला? अमेरिकेत विमा कंपन्यांच्या नुकसानीची आकडेवारी अभ्यासणारी एक संस्था आहे. तिने १९९७ मध्ये ७ कोटी ३० लाख वाहनांच्या नोंदी तपासल्या. अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदरीत काहीच घट दिसली नाही. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका नागरिक संघटनेने मोटारींच्या अलार्मवर बंदीच घाला, अशी मागणी करणारा अहवाल काढला. त्या शहरात गाडीचा अलार्म तीन मिनिटांत आपोआप थांबलाच पाहिजे, असा नियम आहे. तीन मिनिटे म्हणजे रात्रीच्या वेळी एक युगच असते, हे नियम करणाऱ्यांनाही माहीत असेल.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. श्लोमो ब्रेझनिट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये खोट्या इशाऱ्यांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तकच लिहिले आणि त्याला याच गोष्टीवरून नाव दिले. पण गोष्टीतला मुलगा थापाड्या होता. यंत्र थाप मारत नाही. मग दोष कुणाचा? दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका हे विमान आहे की पक्ष्यांचा थवा, हे ठरवताना जी अडचण आली, तिच्यातून पुढे १९५० च्या दशकात एक सिद्धान्त तयार झाला. त्याचे सार साधे आहे. चुका दोन प्रकारच्या. धोका असताना न ओरडणे ही एक, आणि धोका नसताना ओरडणे ही दुसरी. उपकरण तेच ठेवून नुसती खुंटी पिळली, तर एक चूक कमी होते आणि दुसरी वाढते. अलार्मच्या सेन्सरवर ती खुंटी खरोखरच असते. मेकॅनिक तिला 'सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. आम्ही कवी लोक संवेदनशीलता हा केवळ गुण मानत आलो. ती किती असावी, याचाही विचार करावा लागतो, हे मला त्या छोट्या खुंटीने शिकवले.

हा विचार सोसायटीच्या फाटकापाशीच संपता तर बरे होते. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थुले येथल्या अमेरिकी रडारने क्षेपणास्त्रे येत असल्याची सूचना दिली. प्रत्यक्षात चंद्र उगवत होता. जून १९८० मध्ये अमेरिकी संरक्षण केंद्राच्या पडद्यांवर रशियन क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला दिसू लागला. दोष निघाला तो ४६ सेंट किमतीच्या एका चिपमध्ये. आमच्या सोसायटीच्या खटक्याचीच ती थोरली बहीण म्हणायची.

आणि २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. मॉस्कोजवळच्या एका गुप्त केंद्रात ४४ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव कामावर होते. उपग्रहांनी सूचना दिली, की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडले आहे. मग आणखी, मग आणखी, एकूण पाच. भोंगा वाजत होता. नियमाप्रमाणे त्यांनी हल्ल्याची खबर वर द्यायची, आणि पुढे काय झाले असते याची कल्पना आपण करू शकतो. पेत्रोव यांनी विचार केला, युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल? जमिनीवरचे रडारही दुजोरा देत नव्हते. त्यांनी वर कळवले, इशारा खोटा आहे. नंतर उलगडा झाला, की उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहांना ज्वाळांसारखा दिसला होता. पेत्रोव २०१७ मध्ये वारले. जग वाचवणाऱ्या या माणसाची कामगिरी एवढीच होती, की भोंगा वाजत असताना त्याने डोके शांत ठेवून शहानिशा केली.

शहानिशा हा शब्द मला फार जवळचा आहे. १९९२-९३ च्या दंगलींच्या काळात मुंबईतल्या कितीतरी वस्त्यांत लोक रात्र-रात्र गच्चीवर पहारा देत होते. 'ते येताहेत' एवढ्या दोन शब्दांवर गल्ल्या जाग्या होत. या गल्लीतले 'ते' म्हणजे पलीकडच्या गल्लीतले लोक, आणि पलीकडच्या गल्लीतले 'ते' म्हणजे अलीकडचे. दोन्हीकडे हातात काठ्या, दोन्हीकडे मुले दचकून उठलेली. धोका खोटा होता असे मी म्हणणार नाही. माणसे मेली आहेत. पण अफवेने खुंटी इतकी पिळून ठेवली होती, की दाराची कडी वाजली तरी हल्ला वाटायचा. आज ते काम हातातला फोन करतो, आणि त्याला गल्लीची सीमाही राहिलेली नाही.

सारखे दचकणे हा एक धोका. आणि दचकणेच बंद होणे हा दुसरा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाविषयी एक महत्त्वाचा निकाल दिला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या फटाक्यांवरचे निर्बंध आपण त्या निकालामुळे ओळखतो. ती याचिका कशामुळे झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. परिसरात ध्वनिक्षेपक इतक्या जोरात चालू होते, की तिची हाक कोणाच्या कानांपर्यंत पोचलीच नाही. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. निकालपत्राच्या सुरुवातीलाच हे लिहिलेले आहे. ज्यांना गोंगाट हा केवळ झोपेचा प्रश्न वाटतो, त्यांनी ते पान जरूर वाचावे.

मोटारींच्या चोरीचे पुढे काय झाले? त्या पुष्कळ कमी झाल्या, पण ओरडण्याने नव्हे. चावीत एक बारीकशी चिप बसवली गेली. गाडीने ती चिप ओळखली तरच इंजिन सुरू होते. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची झाली. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या चोरीला गेल्या होत्या. २०१३ मध्ये हा आकडा साडेसात हजारांच्याही खाली आला. त्याचे एक मोठे कारण म्हणून जाणकार या चिपकडे बोट दाखवतात. ती आवाज करत नाही, कोणाची झोपमोड करत नाही. चोरांनी त्यावरही उपाय शोधायला सुरुवात केली आहेच. पण ज्या काही गाड्यांत पैसे वाचवण्यासाठी ही चिप बसवली नव्हती, त्यांच्या चोऱ्या २०२१ नंतर अमेरिकेत भराभर वाढल्या, यावरून तिचे मोल कळते.

तेव्हा तुमची गाडी रात्री ओरडली, तर बटण दाबून झोपी जाऊ नका. तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, हे एका कागदावर लिहा आणि चार-पाच नोंदी झाल्या, की तो कागद मेकॅनिकला दाखवा. बॉनेटचा खटका आधी तपासायला सांगा, काचा पुऱ्या वर करा, सेन्सरची खुंटी थोडी खाली आणा. आणि शेजाऱ्याची गाडी ओरडली, तर गॅलरीतून ''कुणाची?'' एवढेच विचारू नका. एकदा खाली वाकून पाहा. बहुतेक वेळा मांजरच असेल. पाहायला मात्र हवे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)